साडेसातशे मीटर समुद्र

स्प्रिंट ट्रायथलॉन पूर्ण केली असे कळले की अभिनंदनापाठोपाठ हमखास एक प्रश्न येतो, "मग आता आयर्नमॅन कधी?" विचारणाऱ्याच्या मनात निखळ कौतुक असते आणि ते मला मोलाचे वाटते, परंतु त्या प्रश्नात जे गृहीत धरलेले असते ते मला मान्य नाही. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल चालवणे आणि ५ किलोमीटर धावणे ही मोठ्या स्पर्धेची पूर्वतयारी आहे, आणि तिथेच थांबणाऱ्याने काम अर्ध्यावर सोडले, असे बहुतेकांना वाटते. मी रत्नागिरीत औषधांचे दुकान चालवते. पहाटेचे दोन तास सोडले तर दिवसातला कुठलाही वेळ माझा एकटीचा नसतो. अशा आयुष्यात राहून, भाट्याच्या किनाऱ्यावर सराव करून आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच स्पर्धेत उतरून माझे मत पक्के झाले आहे, की हे अंतर लहान असले तरी अपुरे नाही.

मुळात हा खेळ जन्माला आला तोच लहान अंतरांचा. २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात, मिशन बेच्या काठी, तिथल्या ट्रॅक क्लबने पहिली ट्रायथलॉन भरवली. तो बुधवार होता आणि वेळ संध्याकाळची होती. म्हणजे दिवसभराचे कामधाम आटोपलेली माणसे त्या स्पर्धेला आली होती. ४६ जण उतरले. धावणे, सायकल आणि पोहणे मिळून त्यांनी कापलेले अंतर आजच्या स्प्रिंटपेक्षाही कमी भरेल, आणि शेवटचे काही जण पाण्यात असतानाच अंधार पडल्यामुळे मोटारींचे दिवे पाण्याच्या दिशेने लावून त्यांना वाट दाखवावी लागली. ज्या आयर्नमॅनच्या नावाने आज सगळे भारावून जातात, ती ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन अशी स्पर्धा त्यानंतर साडेतीन वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर पहिल्यांदा झाली. तेव्हा १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्या बाराजणांविषयी मला आदर आहे. मात्र लहान स्पर्धा ही मोठीची धाकटी बहीण आहे असे कोणी म्हणते तेव्हा मी सांगते, की थोरली हीच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र रिलेचा समावेश झाला, तेव्हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंनी प्रत्येकी अवघे ३०० मीटर पोहून, सात किलोमीटरही न भरणारी सायकल चालवून आणि दोन किलोमीटर धावून सुवर्णपदकासाठी जिवाचे रान केले. त्या खेळाडूंना मोठे अंतर कधी, असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्रात पोहता येत असणारच, असा घाटावरच्या लोकांचा समज असतो. वास्तविक आमच्याकडच्या पांढरपेशा घरांतल्या मुलींचा समुद्राशी संबंध विसर्जनाच्या दिवशी घोटाभर पाण्यात उभे राहण्यापलीकडे फारसा जात नाही. मुलगे निदान विहिरीत, तरंगायला मदत म्हणून कंबरेला सुकड बांधून का होईना, पोहायला शिकतात. मुलींना मात्र "पाण्याची चेष्टा नको" एवढेच ऐकवले जाते, आणि ते सांगणाऱ्या आयांनी, आज्यांनी बुडालेली माणसे पाहिलेली असतात, हेही तितकेच खरे आहे. मी पोहायला शिकले ती लग्नानंतर, तलावात, दोरीने आखलेल्या रांगेत. तळाशी फरशी दिसते, पंचवीस मीटरवर भिंत येते, भिंतीला पाय लावला की दम घेता येतो. समुद्रात या तिन्ही गोष्टी नसतात. तलावात दोन हजार मीटर सहज पोहणारी बाई समुद्रात पहिल्या शंभर मीटरांतच धापा टाकू लागते, आणि तिच्या दंडांतली ताकद कुठेही कमी झालेली नसते. कमी पडतो तो श्वास, कारण मन घाबरले की बाहेर सोडायचा श्वास छातीतच अडकून राहतो आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. ट्रायथलॉनमधले जीवघेणे प्रसंग बहुतांशी पोहण्याच्या टप्प्यातच घडतात, हे मी माझ्याबरोबर सरावाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते. अंतर लहान केल्याने हा धोका लहान होत नाही.

मला समुद्र शिकवला तो खारवी वाड्यातल्या एका काकांनी. त्यांची उभी हयात होडीवर गेलेली. फ्रीस्टाइल म्हणजे काय हे त्यांनी मला कधी विचारले नाही, पण भाट्याचे पाणी कधी आत घेते आणि कधी बाहेर ओढते, ते त्यांनी वाळूत काठीने रेघा ओढून समजावून सांगितले. भाट्याच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीत चढलेले पाणी तेवढ्याच तोंडातून परत निघते आणि तिथली ओढ भल्याभल्यांना आवरत नाही. म्हणून पोहायचे ते किनाऱ्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम ओढीत सापडल्यावरचा. "ताई, पाणी ओढतंय म्हणून त्याच्याशी झटायचं नाय. आडवं निघायचं, किनाऱ्याला धरून. ते एका जाग्यालाच ओढतं, सगळीकडं नाय." परत फिरणारे पाणी अरुंद पट्ट्यातून समुद्रात जाते, त्या पट्ट्याला काटकोनात पोहून त्यातून बाहेर पडावे, हेच जीवरक्षकांच्या प्रशिक्षणातही शिकवतात.

भरतीचा हिशेबही त्यांचाच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात असते, तेव्हा भांग. पाणी थोडे चढते, थोडेच उतरते आणि त्याचा वेगही बेताचा असतो. आमच्या स्पर्धेच्या आयोजकांनी तारीख ठरवताना हा हिशेब मांडला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटते. रविवार मिळावा, पाहुण्यांना सुट्टी मिळावी एवढेच पाहून भर उधाणाच्या दिवशी लोकांना पाण्यात उतरवणे किती सोपे होते!

वद्य अष्टमीची पहाट होती. अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर होता आणि भरती पूर्ण होऊन तास होत आला होता. हिवाळ्यात पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड झालेली असते, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा किनाऱ्याजवळच्या लाटा दाबून धरतो. दहा-साडेदहानंतर जमीन तापली की खारे वारे उलट दिशेने सुटतात आणि पाणी खवळू लागते. आमच्या समुद्राचे सगळ्यांत शांत रूप पाहायचे असेल तर ते खारे वारे सुटण्याआधीच पाहायला हवे, आणि स्पर्धा नेमकी त्या वेळात बसवलेली होती.

शिट्टी झाली. गुडघाभर पाण्यातून पळत जाऊन दुसऱ्या लाटेखालून बुडी मारली आणि डोके वर काढले तेव्हा चहूबाजूंनी हात आणि पाय होते. कोणाचे कोपर माझ्या गॉगलला लागले, कोणाचा तळवा माझ्या पाठीवर पडला. अशा वेळी वेगाच्या मोहात न पडता तोंड पाण्यात ठेवून श्वास पूर्ण बाहेर सोडत राहायचे, बुडबुडे कानांपाशी ऐकू आले पाहिजेत. मी तेच केले. पाणी गढूळ होते. पुढे टाकलेला हात मनगटाच्या पलीकडे दिसत नव्हता. दर आठ हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर आणून वाटेची खूण म्हणून तरंगत ठेवलेला भगवा बोया शोधायचा, आणि तो लाटेआड असला तर घाबरून थांबायचे नाही, पुढच्या आठ हातांनी पुन्हा पाहायचे. पश्चिमेकडे जाताना उजवीकडे श्वास घेतला की रत्नदुर्गाच्या डोंगरावरचे दीपगृह दिसत होते आणि त्यावरून मी माझी रेघ सरळ आहे की नाही ते ताडत होते. बोयाला वळसा घालून किनाऱ्याला समांतर निघाले तेव्हा उजवीकडे काहीच नव्हते. क्षितिज होते आणि त्यावर एक ट्रॉलर. तलावात हे साडेसातशे मीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या तीस फेऱ्या होतात. इथे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. समुद्रात अंतर मोजता येत नाही, फक्त पुढची खूण गाठता येते, आणि तिसऱ्या बोयापाशी पोहोचल्यावर माझ्या लक्षात आले की मी घाबरायचे विसरले आहे. त्या क्षणाचा आनंद इतका मोठा होता, की तो आणखी तीन किलोमीटर पोहल्याने वाढला असता असे मला अजिबात वाटत नाही.

परतीच्या वाटेवर मतलई वाऱ्याने उठवलेल्या बारीक लाटा तोंडावर येत होत्या. शेवटच्या पन्नास मीटरांत मी पाय मुद्दाम जोरात मारले. आडव्या स्थितीत पोहताना रक्त हातांकडे आणि खांद्यांकडे अधिक खेळत असते. एकदम उभे राहिले की ते पायांत उतरते आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय आधीच जागे केले असले तर हा झोक सावरतो. बाहेर येताना जीभ मिठाने जाड झाली होती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते आपण रोजच्या जगण्यात विसरून जातो.

सायकलीपाशी पोहोचल्यावर आधी हेल्मेट डोक्यावर चढवून त्याचा पट्टा लावायचा आणि मगच सायकलीला हात लावायचा, असा नियम आहे. मला तो फार आवडतो. मी पाय टोपातल्या पाण्यात बुडवले, बोटांमधली वाळू अंगठ्याने काढली, मोजे चढवले. या कामात गेलेले प्रत्येक सेकंद स्पर्धेच्या वेळेतच धरले जाते. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत इथे मिनिटभर बसून पाणी प्यायले तरी फारसे बिघडत नाही. स्प्रिंटमध्ये मात्र हाताला वळण नसेल तर सायकलवर कमावलेले सगळे इथेच जाते. गेले कित्येक आठवडे मी अंगणात हेल्मेट, बूट, नंबराचा पट्टा मांडून डोळे मिटून सराव केला होता, आणि तो माझ्या बोटांनी लक्षात ठेवला होता.

सायकलच्या टप्प्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. झरी विनायकाच्या पुढे रस्ता चढू लागतो आणि वर सड्यावर जातो. जांभ्याचा कातळ, त्यावर वाळून सोनेरी झालेले गवत, आणि पावसच्या वाटेवर आंब्याच्या बागा, ज्यांतल्या काहींना मोहोर येऊ लागला होता. चढावर पाय जळतात. उतारावर ब्रेक जपून लावावे लागतात. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा चुकवायला हौशी स्पर्धकांना सहसा बंदी असते, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या वाऱ्याशी एकटा असतो. एवढेच.

खरी परीक्षा त्यानंतरच्या पाच किलोमीटरांत होती. सायकलवर पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा फिरत असतात, कंबर वाकलेली असते, आणि शरीराचे वजन खोगिरावर असते. उतरल्यावर तेच वजन प्रत्येक पावलागणिक पायांवर येते, पण मेंदू आणि स्नायू काही मिनिटे आधीच्याच लयीत अडकलेले असतात. भाट्याच्या पुलावर चढताना माझे पाय माझे नव्हते. ते वेगाने पडत होते की हळू, हेही मला सांगता आले नसते. सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि दमट हवेत घाम नुसता ओघळत होता. घाम सुकला तरच शरीर थंड होते; आमच्या किनाऱ्यावर तो सुकत नाही, म्हणून इथला पाच किलोमीटर देशावरच्या पाच किलोमीटरपेक्षा अधिक कसाचा असतो, असे माझे ठाम मत आहे. पुलाखाली खाडीचे पाणी आता समुद्राकडे निघाले होते. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक मासळीवाली येत होती. तिने बाजूला सरून मला वाट दिली आणि म्हणाली, "जा गो, थांबू नको आता." मी थांबले नाही.

पोटात सासूबाईंनी केलेली उकड्या तांदळाची पेज होती. पहाटे साडेचारला उठून त्यांनी ती ऊन ऊन वाढली होती, वर चिमूटभर मीठ जास्त घालून. औषधांच्या दुकानात रोज जलसंजीवनीची पाकिटे विकणाऱ्या मला त्या वाटीचे मोल नेमके कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २०.५ ग्रॅम पूड असते आणि तिच्यात साखर व मीठ यांचे प्रमाण असे जुळवलेले असते, की आतड्यातून ग्लुकोजबरोबर सोडियम आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जावे. पिष्ट, मीठ आणि पाणी यांची हीच सांगड पेजेत असते. शहाळ्याचे पाणी सगळे जण डोळे मिटून देतात, आणि ते चांगलेच असते; मात्र त्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम थोडे असते आणि घामावाटे जाते ते मुख्यतः सोडियम. म्हणून शर्यतीनंतर शहाळे पिणाऱ्यांना मी त्याबरोबर मीठ घातलेले कोकम सरबतही घ्यायला सांगते.

मी दोन तासांच्या आत परत किनाऱ्यावर होते आणि दुपारी बाराला दुकानाच्या गल्ल्यावर होते. ही गोष्ट मी अभिमानाने सांगते. लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी आठवड्याला बारा-पंधरा तास सरावाला द्यावे लागतात, रविवारची अख्खी सकाळ सायकलवर जाते, आणि ती सकाळ कोणीतरी दुसऱ्याने सांभाळलेली असते: कोणी मुलांचे पाहिलेले असते, कोणी स्वयंपाक केलेला असतो. ज्यांच्या घरी हे जमते त्यांनी ते जरूर करावे. परंतु ज्या बायकांचे दिवस आधीच दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने भरलेले आहेत, त्यांना खेळाडू म्हणवून घ्यायला आणखी दहा तास आणा असे सांगणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणे होय. स्प्रिंटला आठवड्याचे पाच-सहा तास पुरतात. तेवढ्या वेळात भित्रेपणाने पोहता येत नाही, आळसाने सायकल चालवता येत नाही आणि उरलेल्या ताकदीवर निभावून नेता येत नाही. जे आहे ते सगळे दीड-दोन तासांत खर्च करावे लागते आणि किती, कुठे खर्चायचे याचा निर्णय धाप लागलेली असताना घ्यावा लागतो. हे कौशल्य मला अजून पुरते आलेले नाही आणि ते येईपर्यंत अंतर वाढवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

यंदाही आयोजकांनी पंचांग पाहून भांगातलाच दिवस निवडला आहे. मला झरी विनायकापुढच्या चढावर वेळ कमी करायचा आहे, त्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे तो चढ पुन्हा पुन्हा चढणे सुरू आहे. आमच्या आळीतल्या दोघीजणी माझ्याबरोबर पाण्यात येऊ लागल्या आहेत. त्यांतली एक शाळेत शिकवते. तिला सलग चारशे मीटर पोहता येते, पण लाटेखालून बुडी मारायला अजून धजावत नाही. येत्या अष्टमीला भरती पूर्ण होत असताना आम्ही दोघी छातीभर पाण्यात उभ्या राहून फक्त तेवढाच सराव करणार आहोत, आणि काकांनी होडी घेऊन जवळ थांबायचे कबूल केले आहे.